ओळ टाकली, पोरांनी उचलली

आमी मूळचे नंदाखालच्या पलीकडचे, खाडीकाठचे भातवाले, थोडी केळीची वाडी, आनि गानं म्हनाल तर गनपतीतलं भजन, बाकी सगळं लाऊडस्पीकरवरचं. वर्गात मी पुस्तकातलं बोलते हो, पन तुमच्याशी घरचंच बोलते, चालेल ना? तर काय सांगू तुमाला, डी.एड.ला होते तेव्हा वसईला एका मैत्रिनीनं गान्याच्या बैठकीला नेलं, तंबोरा माझ्यापासून हातभर, आनि तो लागला तो माझ्या छातीतच वाजायला लागला. ढसाढसा रडले. नि रडता रडता राग पन आला, की हे मला एवढ्या उशिरा का म्हनून, लहानपनी कोनी का नाय ऐकवलं?

मंग प्राथमिक शाळेत लागले तेव्हाच ठरवलं, माझी पोरं खरं गानं समोर बसून ऐकनार. पोरं कोन, तर अर्नाळ्याकडची कोळ्यांची, वाडीवाल्यांची, ख्रिस्ती घरांतली, चाळीत नवी आलेली. आमचे हेडसर मानूस वाईट नाय, पन भित्रे. म्हनाले, बाई, पहिली ते चौथीची पोरं नि शास्त्रीय गानं? गाढवापुढं वाचली गीता. मी म्हटलं, सर, गाढव कोनाला म्हनता, माझ्या पोरांना? माझं तोंड असंच आहे, सासू पन म्हनते. शेवटी सर वैतागले, म्हनाले, एक शनिवार देतो, पोरांनी गोंधळ घातला तर पुन्हा विषय काढायचा नाय.

झालं! आठवडाभर पोरांकडून घोटून घेतलं, गानाऱ्या ताई येतील, त्या गातील तेव्हा चिडीचूप, तोंडावर बोट.

शनिवारी व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. वसईहून गानाऱ्या ताई आल्या, तबल्याला एक काका, तंबोरा पोरांच्या नाकासमोर. हेडसर दाराशी हाताची घडी घालून उभे. ताईंनी बिलावल धरला, सकाळचा राग, हळूहळू आलाप झाला, पोरं गप्प, मी मनात म्हटलं, जमलं. मंग ताईंनी बंदिशीची पहिली ओळ म्हटली, श्वासाला थांबल्या, आनि अख्ख्या व्हरांड्यानं ती ओळ परत म्हटली! बेंबीच्या देठापासून!

अहो, त्यांची काय चूक? आमच्याकडं भजनात बुवानं ओळ टाकली की मागच्यांनी उचलायची, नाय उचलली तर बुवाचा अपमान. चर्चमध्ये पन तेच, पुढं एकानं म्हनायचं, मागनं सगळ्यांनी. गप्प बसा सांगितलेलं खरं, पन समोरून ओळ आली तर ती खाली पडू द्यायची होय?

माझं तर पानी पानी झालं. हेडसर पुढं सरकले. मी उठले, गप्प बसा रे मेल्यांनो, तर ताईंनी हात केला, बसा बाई, आनि काकांना हसून म्हनाल्या, एवढी साथ मला आजवर कोनी दिली नाय. ओळ पुन्हा म्हटली, मुद्दाम जागा सोडली. पोरांनी उचलली. मंग जरा वळवून टाकली, ती पन उचलली. मंग अशी गरकन फिरवली की सगळी कोलमडली नि हसत सुटली, ताई परत, ताई परत! ताई म्हनाल्या, आता मी एकटी गाते, गानं कुठनं कुठं जातं बघा, शेवटी उचला. आनि काय सांगू, पोरांनी कान टवकारले, डोळे ताईंच्या तोंडावर, कोनी खाजवलं पन नाय.

खिचडीची घंटा झाली. वास आला. एक पोर उठलं नाय! माझी पोरं, खिचडीसाठी एकमेकांना तुडवनारी! खिचडीवाल्या मावशी दारात आल्या, तर हेडसर स्वतः म्हनाले, झाकून ठेवा, ताईंचं होऊ दे, नि चपला काढून मागच्या रांगेत बसले. शेवटची ओळ आली, पोरांनी उचलली, मी मागं वळून बघते तर हेडसरांचं पन तोंड हलतंय. जिंकली हो माझी पोरं, जिंकली!

आता महिन्यातला एक शनिवार गान्याचा, कधी सतार, कधी बासरी, आनि बोलावनं करायला हेडसर माझ्या आधी फोन उचलतात. परवा तुळिंजच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलं, गान्याला एवढी पोरं गप्प कशी बसवता हो? मी म्हटलं, बसवूच नका बाई. गानाऱ्याला उत्तर देऊ दे, देव त्यांचे गळे मोकळे ठेवो.