टँकरवरून गेलेला फोटो

आरं, छावणीतल्या त्या गायीचं सांगितलं का तुमाला? दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं घाटनांदूरजवळ चारा छावणी घातलती, आन् मी तिथली व्यवस्था बघायचो. एका दुपारी सुनंदावहिनींची गाय व्यायला लागली. वासराचे दोन पाय बाहेर आले आन् तिथंच अडले. जनावरांचे डॉक्टर होते अंबाजोगाईला. फोनवर म्हणाले, "पाय पुढचे आहेत का मागचे, ते बघू द्या. फोटो पाठवा."

मी फोटो काढला आन् रेंज मिळावी म्हणून पाण्याच्या टँकरवर चढलो. फोटो निम्मा जायचा आन् रेंज तुटायची. खाली गाय हंबरायची, वहिनींचा जीव कासावीस.

"भाऊजी, काय पाठवताय एवढं?"

"गाय. मागं सगळी छावणी बी आलीय."

"अवो, डॉक्टरला छावणी कावून दाखवताय? पायच पाठवा की!"

मी फोटोतले नुसते पाय ठेवले, बाकी सगळं कापलं, आन् फोटो आणखी बारीक केला. गेला बे फटकन!

लगेच डॉक्टरांचा फोन आला. "पुढचेच पाय आहेत. कळ आली की हळू ओढा."

ओढलं. कालवड झाली! वहिनी रडत रडत हसायला लागल्या. डॉक्टरांना कळवलं, तर म्हणाले, "आता कालवडीचा पाठवा. चांगला मोठा फोटो पाठवा. लागू द्या किती वेळ लागायचा तो, मी बसलोय."