तात्यांना दिलेला शॉक

बारामतीच्या दवाखान्यात तपासणीच्या रांगेत बसलो होतो. शेजारी शेळगावचे ज्ञानदेवतात्या, त्यांची बायको पुतळाबाई आणि भेटायला आलेले भीमाआबा.

“तात्या, शॉक दिऊन जित्तं केलं म्हणं तुमाला.”

“व्हय आबा. हितंच, गेल्या म्हयन्यात.”

“शॉकनं मानूस मरतो की वो.”

“मलाबी तसंच वाटायचं. डॉक्टरीणबाई म्हणली, काळीज नुसतं थरथरत हुतं, रगत फेकत न्हवतं. मशीनच्या झटक्यानं थरथर थांबती, मंग काळीज आपला ताल धरतं.”

“म्हंजी लेझमीचा ताल बिघडला की मास्तर शिट्टी मारून समदी पोरं थांबिवतो, तसं.”

“अगदी तसं.”

“आन् घरी पुन्ना झालं तर?”

“त्याची काळजी नगं, भावजी. मी यांची खाट पान्याच्या मोटारीच्या स्टार्टरपाशी टाकलीया. दोन वायरी सोलून ठेवल्यात.”

फाईल घेऊन चाललेली नर्स जागीच थांबली.

“आजी, त्या वायरी आजच काढून टाका. मशीनचा झटका मोजून दिलेला असतो, पापणी लवायच्या आत संपतो. मोटारीचा करंट जीव घेईल. तात्या हाक मारून उठेनात, श्वास थांबला, तर १०८ला फोन करून दवाखान्याची गाडी बोलवायची. ती येईपर्यंत दोन्ही हातांनी छातीच्या मधोमध जोरजोरात दाबत राहायचं.”

“दाबीन की.”

“सिस्टर, हिला आदी हाक मारायला शिकवा. परवा दुपारी जरा डोळा लागला, तर ही वायरी घिऊन उशाला उबी.”

“मंग काय करू? तुमचं घोरणं थांबलं हुतं.”