रस्त्याकडचा ओटा

१९८६ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात, बांधकाम परवान्याच्या ऑफिसात शैला आगाशे आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. अचानक पाठीमागून मराठी कानावर आलं. एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची आर्किटेक्ट मुलगी मित्रा घराच्या नकाशावरून बोलत होते.

“बाबा, ओटा पुढे कशाला? इथे सगळे मागे बसायला लाकडी डेक करतात. प्रायव्हसी असते.”

“मागे बसलेल्या माणसाला कोण भेटणार, मित्रा?”

“पुढून तरी कोण जातं? सगळे ड्राइव्ह करतात.”

“पोस्टमन येतो. कुत्रा फिरवणारी बाई येते.”

“आपल्या गावच्या घराला होता ओटा?”

“आपल्या घराला कुठला? पाटलांच्या होता, जोशांच्या होता. आम्ही खाली रस्त्यात उभं राहून बोलायचो. माझ्या वडिलांचे पाय थरथरायचे, तरी त्यांना कुणी ‘टेका’ म्हटलं नाही.”

मित्राने नकाशा स्वतःकडे ओढला.

“उंच केला तर रेलिंग लावावं लागेल. इथला बिल्डिंग कोड आहे तसा.”

“मग ठेंगणा कर. कठडा नकोच.”

“ओके. लांब किती?”

“अनोळखी माणूससुद्धा न अवघडता बसेल एवढा.”

कागदावर पेन्सिल चालू लागली.

शैलाच्या माहेरी, चिपळूणला, चांगला उंच ओटा होता. त्याच्याखालीही काही माणसं रस्त्यात उभी राहूनच बोलायची. ती मागे वळली.

“घर कुठे बांधताय, काका?”

त्यांनी पत्ता सांगितला आणि तिचं नाव विचारलं. आडनाव सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

“उन्हाळ्यापर्यंत होईल तयार,” ते म्हणाले. “बसायला या.”