पाठीवरचं फूल

अरुंधती : मासे राहू देत, आधी तोंडाचं सांग. डोळ्यांभोवती हा वळ कसला उठलाय?

ऋता : मास्कचा गं, आजी. जाईल उद्यापर्यंत.

अरुंधती : आणि नाही गेला तर? डांगे चौकात कंपनीच्या बसला उभी राहशील तेव्हा सगळे विचारतील.

ऋता : विचारू देत. सांगेन, मालवणला समुद्राच्या तळाशी जाऊन आले म्हणून. आमच्या गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमधल्या निम्म्या पोरांनी अजून समुद्रच पाहिला नाहीये.

अरुंधती : भीती नाही वाटली?

ऋता : उडी मारताना वाटली. होडीच्या काठावर पाठमोरं बसायचं आणि सिलिंडरसकट सरळ मागे पडायचं. पण खाली गेल्यावर... आजी, खाली कसलाच आवाज नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. संध्याकाळी चाकणहून घरी आले तरी माझ्या कानात मशीन चालू असते, तुला माहितीये. काल ती पहिल्यांदा बंद पडली.

अरुंधती : मग फोटो दाखव की. केव्हाची वाट बघतेय मी.

ऋता : थांब जरा. आणखी एक जण यायचाय.

अरुंधती : कोण?

ऋता : मामाआजोबा.

अरुंधती : दादाला कशाला बोलावलंस? तो बघून हसणार फक्त. तोंडाचा पट्टा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

(दार उघडंच आहे. शरच्चंद्र आत येतात.)

शरच्चंद्र : पट्ट्याचं ऐकलं मी जिन्यातच. पिंपळे गुरवहून रिक्षा करून आलोय गो, तळलेलं काही नसेल तर हा परत चाललो.

अरुंधती : घावन आहेत. खायचे तर खा.

शरच्चंद्र : खातो. काय ऋताबाई, एवढ्या तातडीनं फोन? सापडला की काय आमच्या अरूचा फुलवाला शेंबूड?

ऋता : ती गोष्ट सांगा ना एकदा.

अरुंधती : अगं, शंभरदा ऐकलीस की!

शरच्चंद्र : तिला ऐकायचीय ना, मला सांगू दे. ही असेल नऊ वर्षांची. गावी ओहोटीला खडकांत गेली आणि ओरडत घरी आली, दादा, निळा किडा! अंगभर पिवळे ठिपके! सशासारखे कान, तेही तांबडे, आणि पाठीवर फूल! मी ताटावरून उठलो. पाहतो तर हिच्या हातातल्या करवंटीत शेंबडाचा गोळा. ना कान, ना फूल.

अरुंधती : होतं फूल. मी उचलला तेव्हा होतं.

शरच्चंद्र : मग वाटेत तूच माळलंस काय?

अरुंधती : बघ, बघ! हेच माझ्या लग्नाच्या पंगतीत सांगितलंन. आमच्या ह्यांनी त्यावरून जन्मभर चिडवलं मला. परवा आपल्या योगिनीच्या बाळाच्या बारशालाही पुन्हा तेच.

शरच्चंद्र : बाया पोट धरून हसल्या की नाही?

अरुंधती : मीही हसले. हसते मी, दादा. पण चौऱ्याहत्तर वय झालं माझं. एकदा तरी म्हणावंस, अरू, तू पाहिलंस ते खरं होतं.

शरच्चंद्र : पाहिल्याशिवाय कसं म्हणू?

ऋता : मग पाहा. हा काल काढलेला फोटो.

अरुंधती : अगं बाई! अगं बाई गं! हाच! दादा, कान बघ! ते ठिपके बघ! आणि फूल... अस्संच होतं गं, मोगऱ्याची कळी नुकती उघडावी तसं. ऋता, हे कुठे मिळालं तुला?

ऋता : खडकावर. सी स्लग म्हणतात याला. बिनशंखाची गोगलगायच ती, आपल्या बोटाच्या पेराएवढी. कंपनीत गाडीच्या दारावर तिरका लाइट मारून मी रंगात अडकलेला धुळीचा दाणा शोधते ना, तसाच टॉर्च तिरका धरला. सगळे मासे बघत हिंडत होते आणि मी एका खडकाला चिकटून. आमचा इन्स्ट्रक्टर गणराज वर आल्यावर म्हणतो, मॅडम, खडक विकत घ्यायचाय का?

शरच्चंद्र : छान आहे. पण हल्ली कॉम्प्युटरवर हत्तीलासुद्धा पंख लावतात.

अरुंधती : दादा!

शरच्चंद्र : अगं, फोटो छानच आहे म्हटलं ना! त्यात तुझा किडा कुठून आला?

ऋता : असू दे आजी. आणखी आहेत. हा बाजूनं घेतलेला. हा... हा जाऊ दे, हा वाया गेला.

शरच्चंद्र : मागे घे.

ऋता : कुठला? तो बिघडलाय, मामाआजोबा. माझ्याच सवयीमुळे. पेंट शॉपमध्ये दाणा दिसला की त्याच्याभोवती खूण करायची असते. इथेही बोट गेलं आपोआप आणि गोल काढला. हात लावला नाही हं मी, नुसतं पाणी हललं, तर त्यानं सगळं मिटून घेतलं.

शरच्चंद्र : मागे घे म्हणतो ना. हा. मोठा करून दाखव. माझा चष्मा कुठंय?

अरुंधती : डोक्यावर आहे.

शरच्चंद्र : हा पाहिलाय मी.

अरुंधती : काय म्हणालास?

शरच्चंद्र : करवंटीत. हाच. असाच गोळा होता, आणि कडेला हा एवढा पिवळा ठिपका.

अरुंधती : ठिपका? ठिपक्याचं तू कधीच सांगितलं नाहीस.

शरच्चंद्र : गोष्टीत बसत नव्हता.

अरुंधती : मेल्या! इतकी वर्षं?

शरच्चंद्र : ऋता, आणि ते फूल? ते गेलं कुठे?

ऋता : आत. त्यानंच तो श्वास घेतो. घाबरला की आत ओढून घेतो, कानसुद्धा. आजीनं हातात उचलला, तेव्हाच मिटला असणार.

अरुंधती : म्हणजे मीच घाबरवलं त्याला. आणि मी आपली पळत सुटले, तुला दाखवायला.

शरच्चंद्र : मग हा मेला का असाच?

ऋता : नाही हो. मी हात छातीशी बांधून गप्प राहिले. दोनचार मिनिटं गेली असतील. आधी एक कान आला, मग दुसरा. आणि मग हे बघा, फूल.

अरुंधती : दोनचार मिनिटं फक्त?

ऋता : तेवढीच.

शरच्चंद्र : अरू, मी करवंटीचं काय केलं होतं गं?

अरुंधती : लगेच समुद्रात उपडी केलीस आणि पळालास, पोरं गोळा करायला.

शरच्चंद्र : म्हणजे दोन मिनिटंही थांबलो नाही मी.

अरुंधती : चांगलंच केलंस म्हणायचं. सुटला बिचारा. तिथे पाण्यात उघडलं असेल त्यानं फूल. घे, घावन निवले तुझे.

शरच्चंद्र : अरू.

अरुंधती : काय?

शरच्चंद्र : होतं फूल.

अरुंधती : होतंच. चटणी घे.

शरच्चंद्र : पुढच्या बारशाला मी गोष्ट सांगणारच, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण शेवट बदलावा लागेल. ऋता, पुन्हा दाखव बरं. आधी तो मिटलेला. आणि लगेच पुढे नको जाऊस, थोडं थांब.