सुई उकळेपर्यंत

माझा नवरा तांडेल. वादळात होडी हाकणारा माणूस, पण सुई म्हटली की हातपाय गार! स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी काशीदजवळच्या आमच्या कोळीवाड्यात पटकीची साथ आली. लस टोचणारे डॉक्टर आले, तर हा सगळ्या पुरुषांना घेऊन समुद्रात पळाला. म्हणे, सुईनंच माणूस मरतो!

आम्ही बायांनी टोचून घेतलं आणि टोपल्या उपड्या घालून किनाऱ्यावर बसलो. होड्या आल्या, एकही बाई उठली नाही.

"मासळी उतरवा गो, नासंल!" तो ओरडला.

"नासू दे," मी म्हटलं. "शेजारी दोन मढी उठली. तुमचं उचलायचं न्हाय मला. आधी सुई, मग टोपली."

ऊन चढलं, मासळीला वास येऊ लागला, तेव्हा उतरला. डॉक्टरांसमोर बसून डोळे गच्च मिटले, माझा हात घट्ट धरला. थोड्या वेळानं म्हणाला, "झालं ना? काय बी दुखलं न्हाय! उगाच घाबरलो."

डॉक्टर म्हणाले, "दुखेल कसं? सुई अजून उकळतेय."

सगळ्या हसल्या. मी मात्र त्याचा हात सोडला नाही. होडी अजून पाण्यातच होती.