दिवसातून चारदा

अकराची मीटिंग गाठायची होती, आणि शंकर नगरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप धरून बसलेल्या ज्ञानदाच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. काउंटरवरची निधी समोरच्या म्हाताऱ्या जोडप्यातून काही मोकळी होत नव्हती.

“काका, मशीन चांगली आहे. तुम्ही दिवसातून चारदा अँटिव्हायरसचं स्कॅन लावून ठेवलं, म्हणून स्लो चालून राहिली.”

“मी हेच सांगून राहिली न यायले! नातीचा फॉर्म अर्ध्यात अटकला. उद्या आखरी तारीख आहे.”

“विमला, तू चूप बस. बेटा, आन् व्हायरस घुसला तर?”

“हप्त्यातून एकदा स्कॅन केलं तरी बस होते. आजवर काही सापडलं?”

“नाही.”

“मग काहून एवढं?”

“मी रेल्वेत कीमॅन होतो. रोज सहा किलोमीटर पायी, रूळ पाहत पाहत. तिथंही रोज काहीच सापडत नव्हतं.”

“तेच तर म्हणते मी, काका.”

“एक दिवस ताप होता. अर्ध्यातूनच वापस फिरलो.”

घड्याळाकडे गेलेली ज्ञानदाची नजर तिथेच थांबली.

“राहू द्या न आता ते,” विमलाबाई हळूच म्हणाल्या.

निधीनं माउस हातात घेतला.

“रोज एकदा लावते, काका. किती वाजता लावू?”

“सकाळी सहाले. मी सहालेच निघत होतो.”