मागं बसून बघितलं नाही

आमचं गाव कराडच्या अलीकडं, हायवेला लागून, आणि हायवेवरच वडिलांचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक कंप्रेसर आणि पाण्याचा टब. माझं लहानपण त्या टबातले बुडबुडे बघण्यात गेलं. बोलायला मी पहिल्यापासून कमी, वडील म्हणायचे रिममधनं टायर निघेल पण याच्या तोंडातनं शब्द निघायचा नाही. तर डिप्लोमा केला, चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत लागलो आणि तिथं मला काम काय मिळालं म्हणाल तर गाडीत बसायचं. हसू नका. नवीन पिकअप तयार झाली की ती ट्रॅकवर पळवायची आणि आत बसून कुठं किती हादरतंय ते सांगायचं. यंत्रं लावलेली असायची, पण आमचे साहेब म्हणायचे यंत्राचं राहू दे, तुझ्या बुडाला काय कळलं ते सांग. आणि त्यांचा एक नियम होता, माणूस जिथं जिथं बसणार तिथं तिथं आपण बसून बघायचं. ड्रायव्हरशेजारी, मागच्या सीटवर, हौद्यातसुद्धा. मी एकदा म्हटलं, साहेब, हौद्यात तर कांद्याची पोती असणार. ते म्हणाले, पोत्यांवर माणूस बसलेला असतो, चढ वर.

हे सगळं आधी का सांगतोय, तर मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच मला नाही.

सिंगापूरला आलो ते बायकोच्या मागनं. वृषालीला नोव्हेनाला लॅबमध्ये नोकरी लागली, मुलगी लहान होती, म्हटलं चला. मला पण इथं एका काँट्रॅक्टरकडं काम मिळालं, जुरोंग आयलंडवर पाइपांची कामं घेणारी लहान कंपनी, तिच्या पिकअपची देखभाल मी बघायचो. तिकडं इंजिनिअर लोक कंपनीच्या बसनं जातात, थंडगार एसी, गळ्यात पास, आणि वेल्डर, फिटर, हेल्पर पिकअपच्या हौद्यात, वर ताडपत्रीचं छत, पायात हत्यारांच्या पेट्या. पहिल्या दिवशी मला ते बघवलं नाही, खरंच सांगतो. मग रोज बघितलं, मग दिसायचं बंद झालं. कसं असतंय बघा, मी बसनं जायचो, नाहीतर ड्रायव्हरशेजारी पुढं बसायचो. मागं कधी नाही. मागं बसू नको असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तर एक गाडी होती, ती सेल्वम चालवायचा. तंजावरकडचा माणूस, कपाळाला विभूती, गाडीत शिरायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करणारा. त्याच गाडीत मागं रफीक बसायचा, बांगलादेशचा, वेल्डर. काय हात होता त्याचा, पाइपावरची शिवण बघितली तर वाटावं मशीननं घातलीय. सेल्वम आणि रफीक डॉर्मिटरीत एकाच खोलीत, एका ताटात जेवणारे. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची, भांडायचे मोडक्या हिंदीत आणि समेट करायचे मासे तळून.

एक दिवस सेल्वम आला, सर, साठच्या पुढं गेलं की स्टिअरिंग हलतंय, हात बघा माझे, बायको म्हणेल दारू प्यायला लागला. मी शेजारी बसून एक फेरी मारली, खरंच हादरत होतं. टायरवरनं तळवा फिरवला, वडिलांची सवय, दोन्ही पुढचे टायर गाडीनं खाल्लेले, कडेला उंचवटे, खड्डे, नक्षी कायद्यापुरती शिल्लक. बदलायलाच पाहिजे होते. पण त्या गाडीचं सीओई संपत आलेलं. इथं गाडी रस्त्यावर ठेवायची तर सीओई म्हणजे ठरावीक वर्षांचं सरकारी सर्टिफिकेट लागतं, ते संपलं की चांगली गाडीसुद्धा भंगारात जाते. आणि सगळ्या कंपन्यांमधली रीत अशी की जायला निघालेल्या गाडीला नवीन टायर कुणी घालत नाही. मला कुणी नाही म्हणालं नाही, मी विचारलंच नाही. मी काय केलं, पुढचे टायर मागं टाकले आणि मागचे पुढं आणले.

स्टिअरिंग शांत. सेल्वम खूश, अय्यो सर, लोणी झालं लोणी. मला पण बरं वाटलं, बिनखर्चात काम झालं. पण हादरा कुठं जातोय? तो मागं गेला. चाकणला पहिल्याच आठवड्यात शिकवतात, झिजलेले टायर मागं घालू नयेत, पावसात मागची बाजू घसरली की ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. मला हे येत होतं. मी मागं चढून बघितलं असतं तर माझ्या बुडाला पाच मिनिटांत कळलं असतं.

आणि असंही नाही की कुणी सांगितलं नाही. रफीक रोज उतरताना कंबर धरून ओरडायचा, बॉस, पीछे फ्री मसाज चालू है, आप भी आ जाओ एक दिन. बाकीचे हसायचे. मी पण हसायचो. एकदा तर मी म्हटलं, मसाजला बाहेर लोक पैसे मोजतात रे, गप बस. ते माझं वाक्य आहे. तक्रार केली की काम जाईल अशी भीती असलेला माणूस तक्रार कशी करणार, तो जोकच करणार ना. त्याच्या जोकवर मी जोक केला.

मग पाऊस. इथला पाऊस म्हणजे, उन्हातनं येतो आणि पुढचं दिसू देत नाही. एक्सप्रेसवेवरनं उतरायचं वळण, सेल्वमनं ब्रेकला पाय लावला आणि गाडीचा मागचा भाग सुटला, फिरला, कठड्यावर आपटला. बाकीच्यांना मुका मार. रफीकचा उजवा हात हत्यारांची पेटी आणि हौद्याच्या फळीमध्ये सापडला. मनगटाचा चुरा.

चौकशी झाली, कंपनीतलीच. टायर बघितले, नक्षी कायद्यापुरती होती, म्हणजे टायर पास. रस्ता ओला, वळण, म्हणजे ड्रायव्हर जोरात होता. सेल्वम म्हणत राहिला, सर, मी हळू होतो, चाळीसच्या आत होतो. त्याला गाडीवरनं काढलं, पुढं त्याचं कामाचं परमिट वाढवायचं नाही असं ठरलं. मला विचारलं, टायरचं काय, मी म्हटलं, मापात होते. खोटं नव्हतं बघा ते. एवढंच बोललो.

आणि रफीकनं सेल्वमशी बोलणं टाकलं. त्याच खोलीत, तोंड भिंतीकडं करून झोपायचा. त्याला वाटत होतं, या माझ्या दोस्तानं घाईत माझा हात घालवला. मी हॉस्पिटलात त्याच्यासाठी फळं घेऊन जायचो, तो म्हणायचा, बॉस, आप अच्छा आदमी है. घरी आलो की मला जेवण जायचं नाही. वृषालीनं दोनतीनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडलं, तिला माझी सवय माहीत. शेवटी एका रविवारी भाजी निवडताना मी तिला सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली. मुलगी ऐकत होती हे मला कळलंच नाही. ती आतनं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, बाबा, जस्ट टेल हिम, लाह. जसं काही दुकानातनं दूध आणायचंय.

मी तसाच डॉर्मिटरीत गेलो. रफीकचं प्लास्टर निघालेलं होतं. माझ्यासाठी चहा ओतायला लागला आणि उजवा हात असा थरथरत होता की चहा कपात कमी आणि टेबलावर जास्त. मला स्टिअरिंगवरचे सेल्वमचे हात आठवले. मी बसलो आणि सगळं सांगितलं, टायर पुढचे मागं कसे केले, का केले, मला काय माहीत होतं. तो ऐकत होता. माझी अपेक्षा होती, शिवी देईल, कप फेकेल. त्याचा पहिला शब्द काय असावा? तो म्हणाला, फिर सेल्वम का गलती? मी म्हटलं, त्याची काही चूक नाही. तो म्हणाला, हमने उसका मछली खाना छोड़ दिया, बॉस. आणि रडायला लागला. मी माफी मागायला लागलो तर हात वर केला, तोच हात, म्हणाला, इधर माफी मांगना आसान है, मैं क्या करेगा आपको. पहले ऑफिस में बोलो. मी उठलो तेव्हा म्हणाला, मसाज फ्री नहीं था, बॉस.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. आमच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या, फाइल बंद झालीय, कशाला उघडतोस, तुला कुणी विचारलंय का. मी म्हटलं, नाही विचारलं, म्हणूनच सांगतोय. लिहून दिलं. माझी नोकरी गेली, जायलाच पाहिजे होती. वृषालीची होती म्हणून आम्ही इथं राहू शकलो, नाहीतर मला इतकं धैर्य आलं असतं का, हे मी छातीठोक सांगत नाही. सेल्वमला गाडी परत मिळाली, परमिटपण वाढलं. संध्याकाळी रफीक त्याच्या पलंगावर जाऊन बसला म्हणे, आणि सेल्वमनं त्याला चांगल्या तासभर तमिळमध्ये शिव्या दिल्या. मग मासे तळले.

आता मी काकी बुकिटला एका टायरच्या गॅरेजात आहे, हातानं काम करतो. पिकअप आली की मालक चालवतो आणि मी हौद्यात चढतो. मालक चिनी, वयस्कर, मी त्याला अंकल म्हणतो. तो आरशातनं बघून ओरडतो, यू क्रेझी आह, फ्रंट गॉट सीट. मी म्हणतो, चालवा अंकल, मला इथनंच कळतंय. पाठ दुखते आता, वय झालं.

रफीक गावी गेला. विम्याचं मिळालं त्यात किराणा दुकान टाकलं, वेल्डिंग काही आता होणार नाही. रविवारी सेल्वम माझ्याकडं येतो आणि व्हिडिओ कॉल लावतो. सेल्वमशी तो तासभर भांडतो, मग मला विचारतो, बॉस, मसाज बंद हुआ? मी म्हणतो, बंद. परवा फोन त्यानं उजव्या हातात धरला होता, सगळं चित्र हलत होतं, तो, दुकान, मागच्या बरण्या, सगळं. मी बघत राहिलो, माझ्या तोंडातनं शब्द निघेना. त्याला कळलं. तो म्हणाला, इधर नेटवर्क खराब है, बॉस.

मी म्हटलं, हो रे, नेटवर्क. देव त्याचं भलं करो. याच्यापुढं मला काही मागायचं नाही.